हातचा एक

प्रवासवर्णन लिहायचे तर माणसाने निदान एखादा समुद्र तरी ओलांडलेला असावा, असा आपल्याकडे समज आहे. मी समुद्र ओलांडलेला नाही. तो मी फक्त मालवणच्या धक्क्यावर उभा राहून पाहिला आहे. माझा हा प्रवास पुण्याहून निघून फोंडा घाट उतरून कुडाळपर्यंतचा, म्हणजे सरळ शब्दांत सांगायचे तर सासुरवाडीचा. सासुरवाडीचे वर्णन चारचौघांत करू नये, हे मला कळते. परंतु या खेपेला तिथे एका लाकडी बाहुल्याने मला एक धडा शिकवला. अठरा वर्षे कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला तो धडा आधी कुणी दिला नव्हता, म्हणून हा खटाटोप.

फेब्रुवारीचे दिवस होते. आंब्यांना मोहोर होता, काजूला बोंडे धरू लागली होती, आणि थोरल्या मेहुण्यांच्या मुलीचे लग्न चार दिवसांवर आले होते. लग्नघरात जावई हा देवासारखा असतो. म्हणजे त्याला पाटावर बसवतात, गोडधोड खाऊ घालतात, आणि कोणत्याही कामात त्याचा काडीचा उपयोग नसतो. पडवीत बसून मी एकच वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचायला घेतले, तेव्हा मेहुण्यांना माझी दया आली असावी.

"भावोजी, आपण पिंगुळी पाहिली आहे काय? चला, आपणांस दाखवून आणतो."

मेहुणे माझ्याशी असेच बोलतात, पुस्तकातल्यासारखे. बायकोशी, मुलांशी, गड्याशी ते घडाघडा मालवणी बोलतात. मी समोर आलो की त्यांच्या तोंडून 'आपणांस' निघते. आजवर हे मला आदराचे लक्षण वाटत होते. आमच्या सौभाग्यवतींचेही तसेच. माहेरच्या स्वयंपाकघरात बायकांच्या घोळक्यात त्यांची मालवणी रंगात आलेली असते, आणि मी पाण्याचा तांब्या मागायला दाराशी गेलो की ती अशी बंद होते, की जणू कुणी रेडिओची कळ फिरवली. हेही मला आजवर फारसे खटकले नव्हते.

पिंगुळी हे कुडाळला लागूनच असलेले गाव. राऊळ महाराजांच्या मठामुळे ते भाविकांना ठाऊक आहे. पण आम्ही निघालो होतो ते तिथल्या ठाकर समाजाच्या वस्तीकडे. ठाकरांकडे चित्रकथी आहे, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आहे आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. एका समाजाने इतक्या कला पिढ्यान्‌पिढ्या अंगाखांद्यावर वागवाव्या, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरचा गुरांचा गोठा मोकळा केला आणि तिथे या कलांचे संग्रहालय मांडले. गोठ्याचे संग्रहालय झालेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. उलटा प्रकार मात्र बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे.

चित्रकथीची चित्रे मला परकी नव्हती. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठण शैलीची चित्रे आहेत, ती मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवून आणली आहेत. पण तिथे ती भिंतीवर गप्प असतात. चित्रकथी सांगणारा चित्र हातात धरतो, रामायणातली कथा गात गात सांगतो, आणि प्रसंग बदलला की पुढचे चित्र पुढे घेतो. चित्रांच्या अशा एका संचाला 'पोथी' म्हणतात. अक्षर न वाचता येणाऱ्यांसाठी केलेली ही पोथी! आम्ही मराठीचे प्राध्यापक 'ग्रंथ' म्हटला की छापलेलाच धरतो, ते आठवून मी जरा ओशाळलो.

आणि खुंटीला टांगलेल्या त्या कळसूत्री बाहुल्या! रंगवलेले चेहरे, मोठाले उघडे डोळे, अंगावर झिरमिळ्यांचे कपडे. टांगलेली बाहुली फार केविलवाणी दिसते. तिची मान एका बाजूला पडलेली असते. मी विद्वत्ता पाजळायची संधी साधली. मेहुण्यांना सांगितले, की 'सायखडे' म्हणजे दोरीवर नाचणारी लाकडी बाहुली, आणि हा शब्द ज्ञानेश्वरीत आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना हा खेळ चांगला माहीत असला पाहिजे. नाटकातला 'सूत्रधार' हा मुळात बाहुल्यांची सूत्रे हाती धरणारा असावा, असा तर्क रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने १९०० साली मांडला होता. आणि १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी स्वतः लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या.

"म्हणजे आपली रंगभूमी या खुंटीवरून खाली उतरली म्हणायची," मेहुणे म्हणाले.

माझे सारे व्याख्यान त्यांनी एका वाक्यात आटोपले.

परत येताना ते म्हणाले, "उद्या आमच्या शाळेत यांच्यापैकीच एकाचा खेळ आहे. मी शाळेच्या समितीवर आहे. आपण आलात तर मुलांना बरे वाटेल."

मुलांना काय वाटणार हे मला ठाऊक होते; पण वर्तमानपत्र चौथ्यांदा वाचण्यापेक्षा ते बरे, म्हणून मी होकार दिला. माझ्याबरोबर आमची दहा वर्षांची कन्या निघाली, आणि शेवटच्या क्षणी, "मलाही ती शाळा एकदा पाहायची आहे," असे म्हणून सौ.ही निघाली. चौथीपर्यंत ती त्याच शाळेत शिकली होती.

जिल्हा परिषदेची शाळा. दोन वर्ग, पुढे लांब पडवी, अंगणात एक आंब्याचे झाड. बाहुलीवाला तरुण होता, तिशीचाही नसेल. एरवी तो कुडाळ स्टेशनवर रिक्षा चालवतो, आणि त्याच रिक्षातून त्याने सारे सामान आणले होते. बघता बघता त्याने बांबूंची चौकट उभी केली, मागे काळे कापड सोडले, पुढे एका जुन्या साडीची झालर लावली. त्याचा वयस्क चुलता हुडूक घेऊन बाजूला बसला. पहिली ते चौथीची तीस-एक मुले पडवीत मांडी घालून बसली. ही मुले खेळाला नवखी नव्हती. जत्रेतल्या दशावताराला आईच्या मांडीवर रात्ररात्र जागलेली. पण आज खेळ भरदिवसा आणि शाळेत होता, आणि शाळेत बसायचे म्हणजे गप्प बसायचे, हे ती शिकली होती.

गणपतीचे नमन झाले. हुडुकावर थाप पडली आणि काळ्या कापडापुढे एक पोरगेला बाहुला धडपडत आला. अंगात शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर. आल्या आल्या तो उलटा फळ्याकडे तोंड करून बसला.

"झिलू, हडे बघ! पोरां हय आसत!" पडद्यामागून आवाज आला.

'झील' म्हणजे मालवणीत मुलगा. म्हणून हा झिलू. झिलूने वळून मुलांकडे पाहिले आणि घाबरून दप्तरात डोके खुपसले. पोरे खुदकन हसली. मग झिलूला गणित घातले गेले. त्याच्या आईने सत्तावीस काजू दिले, मावशीने पंधरा दिले, एकूण किती? पडवीतल्या फळ्यावर बाईंनी सत्तावीस लिहिले, खाली पंधरा. झिलूने मोठ्याने हिशेब मांडला: सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन. "तीनशे बारा!" आणि तीनशे बारा काजू झाले म्हणून तो नाचू लागला.

गेल्या अठरा वर्षांत माझ्या वर्गात कधी उठला नाही असा गलका त्या पडवीत उठला. "चुकला! चुकला!" "तीनशे खंयसून इले?" झिलू नाचायचा थांबला. त्याने डोके खाजवले.

"माका कळना नाय," तो म्हणाला. "कोन सांगतला?"

दहा-बारा हात वर झाले. पण त्याच्या आधीच दुसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी उठून थेट चौकटीपाशी गेली. बाई एकदम पुढे झाल्या, आणि तशाच थांबल्या. मुलीने झिलूच्या नाकापुढे बोट नाचवले.

"तसा न्हंय रे. सात आनि पाच बारा. त्येतले दोन हय लिव. आनि एक हातचो धर."

"हातचो?" झिलूने आपले दोन्ही लाकडी हात वर करून पाहिले. "माझो हातच दुसऱ्याच्या हातात आसा! मी हातचो खंय धरू?"

सगळी पडवी हसली. मुलगी मात्र हसली नाही. क्षणभर तिने विचार केला आणि म्हणाली,

"मनात धर."

झिलूने मनात एक धरला. मग दोन आणि एक तीन, आणि मनातला एक मिळून चार. बेचाळीस! झिलूला बेचाळीस काजू मिळाले आणि त्याने ते सगळ्यांना वाटायचे कबूल केले. मी सहज बाईंकडे पाहिले, तर त्या पदराने डोळे टिपत होत्या.

यानंतर हुडुकाचा ठेका बदलला, झिलू आत गेला आणि मारुती आला. गणित नाही, उपदेश नाही. जुन्या चालीवर गाणे, समुद्रावरून उड्डाण, लंकेतली धावपळ आणि पेटलेली शेपूट. पंधरा मिनिटे पडवीत कुणी हलले नाही. आमच्या कन्येने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

खेळ संपल्यावर आंब्याखाली चहा झाला. बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. नोकरीमुळे इकडे आलेल्या.

"पहिल्या वर्षी मला वाटायचं, इथली मुलं मंद आहेत," त्या म्हणाल्या. "मी 'इकडे या' म्हणायची आणि पहिलीतली मुलं नुसती बघत राहायची. घरी त्यांनी 'हडे ये' ऐकलेलं. पुस्तकातली भाषा त्यांची नाही, माझीही त्यांची नाही. बोलायला जावं तर चूक होणार, आणि चूक झाली की कुणीतरी हसणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं काय वाईट? ती दोन वेण्यांची जूनपासून माझ्या वर्गात आहे. हजेरीला 'हजर' म्हणते, तेवढंच. बेरीज येते की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं. आज पाहिलंत ना?"

मी म्हटले, "तिला गणित येत होते, फक्त विचारणारा भेटत नव्हता."

"विचारणारी मी रोज असते हो," बाई म्हणाल्या. "पण मला उत्तर येतं, हे तिला माहीत असतं. झिलूला येत नाही."

या एका वाक्यासाठी मी पुण्याहून यावे, असे ते वाक्य होते. शिक्षकाचा प्रश्न हा बहुधा खोटा प्रश्न असतो. उत्तर खिशात ठेवून आपण विचारतो, आणि मूल ते ओळखते. बाहुल्याचा प्रश्न मात्र मुलाला खरा वाटतो. बाहुला लाकडाचा आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. वरच्या दोऱ्याही त्याला दिसत असतात. तरी बाहुला अडला की मूल त्याला सोडवायला धावते. सोडवता सोडवता, आपल्याला किती येते, हे त्याचे त्यालाच कळते. जगात आपल्यापेक्षा अडाणी कुणीतरी आहे, याचा लहान मुलाला केवढा आधार असतो! त्याच्याभोवती सगळे शहाणेच असतात.

बाहुलीवाल्याला हे शास्त्र पुस्तकाविना अवगत होते. तो म्हणाला, की सुरुवातीला शाळांतून त्याला सांगत, स्वच्छतेवर करा, दात घासण्यावर करा. बाहुला शहाणा होऊन उपदेश करू लागला की पोरे पाच मिनिटांत जांभया देऊ लागतात. तेव्हापासून त्याचा नियम ठरला: बाहुल्याने चुकायचे, मुलांनी सांगायचे. लहानग्यांपुढे खेळ अर्ध्या-पाऊण तासापेक्षा लांबवायचा नाही. राक्षस आणायचा तर आधी तो खुंटीवर टांगलेला दाखवायचा, म्हणजे कुणी भिऊन रडत नाही. खेळ झाल्यावर मुलांना बाहुली हातात धरू द्यायची. ती तुटेल म्हणून जो घाबरतो, त्याने शाळेत खेळ करू नये.

बाईंनी त्याच्याकडून एक छोटी हातमोज्याची बाहुली करून घेतली आहे. त्यांना आवाज काढता येत नाही, म्हणून ती बाहुली त्यांच्या कानात कुजबुजते, आणि बाई मुलांना विचारतात, "ही काय म्हणते, मला समजत नाही, तुम्ही सांगता का?" मग मुले बाहुलीचे मालवणी बाईंना मराठीत समजावून सांगतात. माझ्या मते भाषांतराचा इतका उत्तम पाठ आमच्या एम.ए.च्या वर्गातही होत नाही.

ही युक्ती काही या शाळेने प्रथम शोधलेली नव्हे. देवीलाल सामरांनी १९५२ साली उदयपूरला भारतीय लोककला मंडळ काढले आणि राजस्थानी कठपुतळीला नवे दिवस दाखवले. १९६५ साली मंडळाच्या बाहुल्यांनी बुखारेस्टला पहिले बक्षीस मिळवले. दिल्लीला १९७९ साली सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि बाहुल्या वर्गात कशा वापरायच्या, हे ते देशभरच्या शिक्षकांना शिकवत आले आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. कागद सगळे ठीक आहेत. पण कागदावरची घरची भाषा वर्गात यायची तर कुणाच्या तरी तोंडून यावी लागते. इथे ती लाकडाच्या तोंडून आली.

मी बाहुलीवाल्याला विचारले, "रामायण सोडून काजूची बेरीज करायची, याचे तुम्हांला वाईट नाही वाटत?"

त्याने कप खाली ठेवला. पूर्वी सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता, देवळांतून खेळ ठरलेले असत, हे मला मेहुण्यांनी सांगितले होते. संस्थान गेले, रात्री जागणारे प्रेक्षक गेले.

"आमच्या चुलत्याक झिलू आवाडना नाय," तो चुलत्याकडे पाहून म्हणाला, आणि माझ्याकडे वळून सावकाश, जपून, पुस्तकी मराठीत पुढे बोलू लागला. "ते म्हणतात, ही देवाची विद्या. खरं आहे ते. पण रामायण बघायला माणूस बसायला तर हवा. म्हणून मी झिलूच्या मागून मारुती आणतो. झिलू मुलांना बसवतो, मारुतीला ती बघतात. उद्या शाळेला नुसता झिलूच हवा झाला, तर मग माझं चुकलं म्हणायचं."

म्हातारा चुलता इतका वेळ गप्प होता. तो एवढेच म्हणाला, "ह्येका शाळेत मारीत. बोलना नाय म्हणान."

बाहुलीवाला हसला. तो सातवीनंतर शाळेत गेला नाही. तोही शेवटच्या रांगेत बसणारा, बोलले की हसतात म्हणून न बोलणारा. "झिलू कोण, ते तुम्हांला कळलं असेल," तो म्हणाला.

मला कळले. आणि मला आणखीही काही कळले, ते सांगायचा धीर करतो.

आमचे लग्न झाले त्या वर्षीची गोष्ट. घरी माझे दोघे सहाध्यापक चहाला आले होते. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि बोलण्याच्या ओघात "माका वाटता" असे काहीसे म्हणून गेली. मी हसलो. नुसता हसलो नाही, मित्रांकडे पाहून म्हणालो, "घ्या, आमच्याकडे बोलीभाषेचा अभ्यास घरबसल्या होतो." सगळे हसले. तीही हसली. माझ्या दृष्टीने तो विनोद तिथेच संपला. पण त्यानंतर पुण्याच्या घरात मी तिच्या तोंडून मालवणीचा एक शब्द ऐकलेला नाही. आमच्या मुलीला आईची भाषा येत नाही. झिलूच्या खेळात पोरे हसत होती तेव्हा ती कुजबुजून आईला अर्थ विचारत होती, आणि आई तिला शुद्ध पुणेरी मराठीत सांगत होती. बोलीभाषांच्या ऱ्हासावर मी दोन चर्चासत्रांत निबंध वाचले आहेत. एक बोली मी स्वतः माझ्या घरात, चहाच्या एका कपावर, बंद पाडली होती. तिची नोंद त्या निबंधांत नव्हती.

परतताना सौ. शाळेच्या दाराशी थोडी मागे रेंगाळली. ती दोन वेण्यांची मुलगी तिथे उभी होती. दोघींची काहीतरी गजाल चालली होती. मी जवळ गेलो नाही. गेलो असतो तर ती थांबली असती.

लग्न थाटात झाले. मधल्या दोन दिवसांत मावससासूबाईंनी आमच्या मुलीला बाहुली करून दिली. जुनी वर्तमानपत्रे (तीच, मी तीनदा वाचलेली) पाण्यात भिजवली, त्यांत भिजलेली मेथी वाटून घातली, की कीड लागत नाही. त्या लगद्याचे डोके केले, उन्हात वाळवले, वर रंग दिला. अंगाला सौ.च्या जुन्या परकराचा तुकडा. पूर्वी याच लगद्याच्या टोपल्या घरोघर होत, असे त्या म्हणाल्या. बाहुली आमच्याबरोबर एस.टी.तून, मांडीवर बसून, पुण्याला आली.

पुण्यात पंधरा दिवस ती मुलीच्या कपाटावर पडून होती. एका रविवारी सकाळी सौ. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. मी बाहुली हातात चढवली. चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाने हातात बाहुली घालून स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहणे, हे दृश्य काही वर्णन करण्यासारखे नसते. तरी मी बाहुलीचे डोके दारातून आत काढले आणि आवाज जमेल तेवढा बारीक करून म्हणालो,

"माका भाकरी होयो!"

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले, चुकले. आता हसू येईल, आणि ते मला पुरेपूर भोगायला हवे.

"होयो नाय," आतून आवाज आला. "भाकरी ती. होयी."

"माका कळना नाय," बाहुली म्हणाली. हे वाक्य मी झिलूकडून पाठ करून आणले होते, आणि ते अक्षरशः खरे होते. "कोन सांगतला?"

"हडे ये. सांगतंय."

बाहुली आत गेली. तिच्यामागून मला जावेच लागले. मुलगी अंथरुणातून उठून दारात येऊन उभी राहिली होती. तिने आईकडे पाहिले, मग बाहुलीकडे, आणि माझ्याकडे मात्र पाहिले नाही. "आई, मलापण सांग," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरी आठवड्यातून दोन-तीनदा तरी बाहुलीचा वर्ग भरतो. बाहुली अजून फार चुकते. 'खंय' आणि 'हंय' यांत गोंधळ करते, लिंगवचन तर तिला जन्मात येणार नाही. तिच्या चुका काढताना सौ.चा आवाज चढतो, हात कमरेवर जातो, आणि तिच्या माहेरच्या स्वयंपाकघरातून मला आजवर दाराबाहेरून जे ऐकू येई, ते आता समोर बसून ऐकायला मिळते. इतकी वर्षे तिने ते मनात धरून ठेवले होते. हातचा धरला तर तो पुढे मिळवावाही लागतो. नाहीतर बेरीज चुकते, हे दुसरीतल्या मुलीला कळते.

मेहुण्यांचे परवा पत्र आले. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी तिकडे यावे, शाळेत पुन्हा खेळ ठरतो आहे, या खेपेला चुलता स्वतः मारुती नाचवणार आहे, असे त्यात होते. पत्र नेहमीसारखेच शुद्ध मराठीत होते. उत्तर मी लिहिले. पहिले वाक्य मालवणीत लिहिले, सौ.ला दाखवले, तिने त्यात तीन चुका काढल्या. त्या दुरुस्त न करता मी पत्र तसेच टाकले आहे.